डाव्या शिंगाची दोरी

नागपूर, गांधीबाग
ता. १४ ऑगस्ट १९७६

प्रेमिलाबाईले नमस्कार.

बाई, तुमी तिकडे रामटेकले बदलीवर जाऊन बसल्या अन् तुमच्या बैलाचा ताप माह्या दारात आला. शिकवायचं तुमी अन् निस्तरायचं मी, हे कोणत्या शाळेत असते? पत्र लिहायची मले सवय नाही, तिसरीतून सुटली मी. जमंल तसं वाचा. तुमची तब्येत बरी असंल. इकडे मशीन चालू आहे, दुकानाचे उशीचे अभ्रे शिवून राहिली. गोपीच्या बाबाचा पाय आता बरा आहे. बाकी ठीक.

आता बैलाचं ऐका. साऱ्या गावात तान्ह्या पोळ्याले ज्याचं पोरगं त्याचा लाकडी बैल, अन् ज्याचा चांगला सजला त्याले बक्षीस. मागच्या साली तुमी म्हटलं, आपल्या वर्गाचा एकच बैल. चित्रकलेच्या तासाले बांबूच्या कमच्या बांधल्या, कागदाचा लगदा थापला, पोराईचे हात कोपरापर्यंत रंगले. माह्याजवळून लुगड्याच्या किनारी नेल्या, दोऱ्या वळायले. बैलाखाली चाक एकच. चारी बाजूनं दोऱ्या, साऱ्याईनं सारख्या ताणल्या तरच तो उभा राहते. एकानं जोर केला का पडला. पहिला नंबर कोणाचा नाही अन् बाद कोणी नाही, म्हणे. मी तेव्हाच बोलली होती, पोरीच्या जातीनं काय बैल धरायचा. तुमी नुसत्या हसल्या. डाव्या शिंगाची लाल दोरी गोपीले दिली.

डावा डोळाही तिनंच रंगवला. हा एवढा मोठा. मी म्हटलं, बैल आहे का घुबड वं? तर मलेच शिकवते, "माय, दुसऱ्याच्या रेघेवर रेघ मारायची नाही, बाईनं सांगितलं." म्हणून कोणी तो सुधारला नाही. अजून तसाच आहे.

तुमच्या जागी रुपराव गुरुजी आले. माणूस वाईट नाही, घाई फार. यंदा पोरं बैल बाहेर काढतात अन् तो उजवीकडे झोपते. डावी दोरी धरायले कोणी नाही. गुरुजी म्हणाले नव्या पोराले द्या, नाहीतर तिथं वीट लटकवा. पोरं ऐकत नाहीत.

तुमाले कोणी कळवलं नाही वाटते.

चैत्रात गोपीले ताप आला. दवाखान्यात नेली तेव्हा माह्याशी भांडत गेली, चप्पल घालू दे म्हणून. घरी आणली ते झाकून. पुढचं लिहीत नाही. तुमीही विचारू नका.

गेल्या सोमवारी अख्खा वर्ग दारात उभा. पुढं नत्थू, तोच, जो तिची पेन्सिल पळवायचा. हातात लाल दोरी. मले वाटलं आठवण म्हणून द्यायले आला. तर म्हणते, "काकू, आपल्या खेळात कोणी बाद होत नाही. गोपी पण नाही. तिची दोरी तुमी धरा."

मी हाकललं, बाई. हातात लाटणं होतं, तेच उगारलं. तुमाले मायबाप नाहीत काय म्हटलं. पोरं पळाली नाहीत. उभीच राहिली, मंग दोरी दाराच्या कडीले बांधून गेली. तेव्हापासून दार नीट लागत नाही. गोपीचा बाबा सोडायले गेला तर त्याच्यावर ओरडली. मलेही सोडवत नाही.

तर आता सांगा. बाद नाही, बाद नाही, असं शिकवून गेल्या. मेलेलं लेकरू बाद होते का नाही, हे काहून नाही शिकवलं? होते म्हणत असाल तर स्वतः येऊन त्या पोराईले सांगा, माह्याच्यानं होत नाही. नाही म्हणत असाल तर मी येईन, धरीन. पण माहा हात आजकाल सारखा राहत नाही, मशीनवर शिलाई वाकडी जाते. माह्यामुळं तो पडला तर पोरं काय म्हणतील, तेही लिहा.

पंचवीस तारखेच्या बुधवारी पोळा, गुरुवारी तान्हा पोळा. त्याच्या आधीच्या सोमवारी टपालवाला येईल तेव्हा तुमचं उत्तर माह्या हातात पाहिजे. पत्त्यावर जयवंता लिहू नका, आता सारेच तशी हाक मारतात. वर्गातून चिठ्ठी धाडायच्या तेव्हा जे नाव टाकायच्या, तेच टाका.

गोपीची माय