खिडकीत ठेवलेला सनमायका

जळगाव,
दि. ४ ऑक्टोबर १९९२

चि. सुकदेव यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. व्हिडिओ गेमची पेटी तू स्वतः प्लायवूड कापून उभी केलीस, आत जुना रंगीत टीव्ही बसवलास आणि सुरतेहून आणलेल्या सर्किटवर विमान उडाले, हे आईला मोठ्याने वाचून दाखवले. तिने विचारले की विमानच उडवायचे होते तर त्यासाठी धुळ्यात खोली कशाला करावी लागली. पण रात्री भाकरी थापताना ती स्वतःशीच हसत होती.

मी मोठ्याने वाचले ते आबांच्याही कानावर पडावे म्हणून. वरणगावच्या फॅक्टरीतली उमेदवारी तू अर्धवट सोडून गेलास, त्याला मार्चमध्ये वर्ष झाले. तेव्हापासून ते तुझे नाव घेत नाहीत. पोस्टमन येऊन गेला की धुळ्याचं काही आलं का, एवढेच विचारतात, जणू धुळे शहरच आपल्याला पत्र लिहिते.

आता सनमायक्याचे. पेटीला बाहेरून काय लावायचे ते अक्काने ठरवावे, असे तू लिहिलेस. तुझा विश्वास वाचून मला दोन दिवस जेवण गेले नाही. मोतीलालशेठच्या दुकानात तीनदा जाऊन आले. नमुन्याचे सात तुकडे घरी आणले आहेत. निळ्यावर डाग दिसतील, पांढरा दवाखान्यासारखा वाटेल, लाल पाहून लोक जुगाराचा अड्डा समजतील. यात जुगार नाही ना रे? एकदा स्पष्ट लिही. मी आईला आधीच नाही म्हणून सांगून बसले आहे.

आबांनी लहानपणी शिकवले तसे डोळे मिटून प्रत्येकावर तळहात फिरवला. सातही गुळगुळीत निघाले. आता काय करू?

तुझी अक्का,
विशाखा


धुळे,
दि. ७ ऑक्टोबर १९९२

ती. अक्का हिस,
सुकदेवचा सविनय जयभीम. वि. वि.

यात जुगार नाही. रुपया टाकायचा, विमान उडवायचं, विमान पडलं की घरी जायचं. जिंकून काही मिळत नाही, त्यामुळे तुझ्या मनाला शांतता लाभो.

अक्के, तुला सनमायका विचारला होता, जावई नाही. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलाचे तोतारामनाना कोपरा द्यायला तयार आहेत, पण उघड्या प्लायवूडची पेटी गिऱ्हाइकासमोर ठेवणार नाहीत. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत पेटी नटून आली नाही तर तो कोपरा एका एसटीडी बूथवाल्याला जाणार. तो माणूस रोज चहा प्यायला येतो आणि नजरेनं भिंत मोजून जातो. कोपरा गेला तर ही पेटी खोलीत ठेवून त्यावर कपडे वाळत घालीन. मग आबांचंच म्हणणं खरं ठरेल.

तुला जो आवडेल तो पाठव, पण पाठव.

तुझा,
सुकदेव


जळगाव,
दि. १० ऑक्टोबर १९९२

चि. सुकदेव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुटले! मी नव्हे, आबांनी निवडले. परवा मी सातही तुकडे पलंगावर मांडून मुद्दाम पाणी भरायला गेले. परत आले तर सहा जागच्या जागी होते आणि सातवा, सागवानी रेघांचा, आबांनी उचलून खिडकीत नेऊन ठेवला होता. स्वतः पेपर वाचत बसले होते. मी विचारले नाही. विचारले असते तर त्यांना तुझे नाव घ्यावे लागले असते, आणि ते घेतले नसते तर मला रडू आले असते. म्हणून खूण समजून बाकीचे सहा आवरले.

ज्यांनी अठ्ठावीस वर्षे वरणगावच्या फॅक्टरीच्या पेटी खात्यात खोक्यांचे लाकूड पारखले, त्यांची निवड ती. त्याच दिवशी सबंध शीट आणले. कडांना लावायला सोनेरी पट्टीही घेतली, ती मात्र माझ्या मनाने. शेठ म्हणाले की या डिझाइनवर सगळे हीच पट्टी नेतात. गुंडाळी उद्याच्या पहिल्या एसटीच्या टपावर टाकते आहे. कंडक्टरला चारदा सांगेन. पाचव्यांदा सांगितले तर तो मलाच टपावर बसवेल.

आबांनी तुझ्यासाठी तुकडा निवडला, सुकदेव. हे लक्षात असू दे.

तुझी अक्का,
विशाखा


धुळे,
दि. १६ ऑक्टोबर १९९२

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

सनमायका लावला. एकही फुगा आला नाही. सोनेरी पट्टी ठोकली, वरच्या छपरीत ट्यूब लावली आणि काल पेटी हॉटेलात नेली.

अक्के, ते देवघर दिसतं.

मला खोलीत कळलं नाही, कारण आपल्या घरात देवघर कधी पाहिलंय कोणी? हॉटेलात मात्र सगळ्यांना कळलं. पोरं येतात, चपला बाहेर काढतात, हात मागे बांधून उभी राहतात आणि निघून जातात. साक्रीकडची एक म्हातारी आली. तिनं फटीत रुपया टाकला आणि हात जोडून डोळे मिटले. विमानं एकामागून एक पडली, धडाधडा आवाज झाला. हाऊ कोणता देव शे भो, असं तिनं घाबरून तोतारामनानांना विचारलं. नाना म्हणाले की अजून ठरायचं शे, माय. मी तिचा रुपया परत दिला तर घेईना, वाहिलेला परत घेत नसतात म्हणाली. तो मी वेगळा ठेवलाय.

नानांनी येत्या गुरुवारपर्यंत मुदत दिली आहे. तोवर या देवघराची पुन्हा खेळाची पेटी झाली नाही तर बूथवाला येणार. आबांना सांगू नकोस. त्यांनी आपल्यासाठी निवडलेला आहे.

तुझा,
सुकदेव


जळगाव,
दि. १९ ऑक्टोबर १९९२

चि. सुकदेव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सांगू नकोस हे तू पत्राच्या शेवटी लिहितोस आणि मी पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते. म्हातारीपर्यंत वाचून झाले तेव्हा पेपरामागून कसलासा आवाज आला. आम्हाला वाटले ठसका लागला. आई पाणी घेऊन धावली. आबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग मला विचारले की तो सागवानी तुकडा कोणत्या शहाण्याने पाठवला.

मी म्हटले, तुम्हीच खिडकीत ठेवला होता. त्यावर त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले की पेटी खात्यात पास माल जागेवरच राहतो. बाजूला काढून खिडकीपाशी ठेवतात तो नापास. एवढी वर्षे मी सांगत आलो आणि पोरीला माहीत नाही.

माहीत होते रे. लहानपणी शंभरदा ऐकले होते. पण तू आठवलास की मला आबांच्या प्रत्येक हालचालीत होकारच दिसतो.

आज पहाटे ते पिशवी घेऊन गेले. पिशवीत पॉलिश पेपर, ब्रश आणि काळ्या ऑइलपेंटचा डबा होता. आईला म्हणाले की जरा स्टँडवर जाऊन येतो. कोणत्या गावच्या, ते सांगितले नाही. हे पत्र तुला मिळेपर्यंत ते येऊन परतलेही असतील हे कळते, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. भांडू नकोस. त्यांना तिखट सोसत नाही.

तुझी अक्का,
विशाखा


धुळे,
दि. २१ ऑक्टोबर १९९२

ती. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

आले होते. माझ्याकडे बघितलं नाही. तोतारामनानांना विचारलं की नापास पेटी कुठाय. मग सोनेरी पट्टी उपटली आणि सनमायका पॉलिश पेपरनं घासायला बसले. गुळगुळीतावर रंग धरत नाही, हे ते नानांना सांगत होते, ऐकायला मी होतो. दुपारपर्यंत घासलं. रंग द्यायला घेतला तेव्हा डब्याला हात लावायला मी पुढे झालो. दीड वर्षानंतर माझ्याशी बोलले ते असं, की डबा सरळ धर.

मी सरळ धरला, अक्के. रंग संपेपर्यंत सरळ धरला.

काल रंग वाळला आणि पेटी काळीभोर झाली. आज पोरांनी चपला काढल्या नाहीत. बूथवाल्यानं चहा अर्धा टाकला आणि गेला. आबा परवा मुक्कामाला खोलीवरच राहिले आणि काल जायच्या आधी एकदा खेळले. म्हातारीचा रुपया मीच दिला. अर्ध्या मिनिटात विमान पाडलं आणि म्हणाले की दांडीखालच्या फळीवर हात घसरतो, दुसऱ्या पेटीला तिथं खरखरीत लाव.

दुसऱ्या पेटीला, असं म्हणाले. मी तीनदा मनात म्हणून पाहिलं.

तुझा,
सुकदेव


जळगाव,
दि. १ नोव्हेंबर १९९२

चि. सुकदेव यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

आबांच्या नखांतला काळा रंग अजून गेलेला नाही. आई रॉकेल घेऊन मागे लागते, ते हात मागे घेतात.

काल त्यांनी स्वतःच मोतीलालशेठकडून चार खरखरीत तुकडे आणले, पलंगावर मांडले आणि संध्याकाळी त्यातला एक उचलून खिडकीत ठेवला. पण या वेळी मी विचारले. आबा, हा सुकदेवसाठी पास की नापास? नाव घेऊन विचारले. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले की सुकदेवला लिही, हा नापास, बाकीचे तीन त्याने हाताने पाहून घ्यावेत. आणि पुढे म्हणाले की तू मधे पडू नकोस.

तीन तुकडे सोबत पाठवते आहे. मला त्यातला राखाडी आवडला आहे, म्हणजे तो सोडून कोणताही घ्यावास.

माझ्यावर लोभ राहू दे, निवडीवर नसला तरी माझी तक्रार नाही.

तुझी अक्का,
विशाखा