पहिली नोंद

मंगळवार पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, दुपारचा एक

चि. स्नेहल,

ताईचा आशीर्वाद. इकडे आई-अण्णा बरे आहेत. तूही बरी असशील, असं धरूनच लिहितेय. आईनं कांदा-लसणाची चटणी दिलीय, ती पिराजीमामांकडे आहे. हे पत्रही त्यांच्याच हाती देतेय. खाली दुकानापुढे त्यांच्या नेसरीला निघालेल्या टेम्पोत पेंडीची पोती चढतायत, ती चढून होईपर्यंतच मला वेळ आहे. तू आधी कपड्यांची पिशवी भर आणि मग पुढचं वाच.

ऋतामॅडमच्या महिला केंद्रातल्या नोंदी अजून वह्यांत आहेत. तुला सम्राटच्या घरातून काढून नेसरीला बायडाबाईंकडे ठेवलं, तेही अशाच एका वहीत आहे. या वह्या संगणकावर घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. फुकट मिळणारा, कुणीही वापरावा असा एक प्रोग्राम सापडला. तो ठेवायला दूरच्या कुठल्याशा शहरातल्या मोठ्या संगणकाचा एक कोपरा भाड्यानं घेतला, त्याला सर्व्हर म्हणतात. त्यावर लिनक्स. तिथं चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करायची. मी टायपिंगचे क्लास घेणारी, तीन दिवस जागची हलले नाही. गेल्या रविवारी प्रोग्राम एकदाचा चालू झाला, तेव्हा खोलीत एकटीच टाळ्या वाजवत बसले होते. तू असतीस तर चांगली चेष्टा केली असतीस.

मग तो मॅडमच्या मोबाइलवर उघडेना. पासवर्डच घेईना. जाणत्या कुणाला विचारायचं, तर ते नाही. तू म्हणतेसच, दुसऱ्याला विचारायचं म्हणजे ताईला हरल्यासारखं वाटतं. मी पासवर्डची अटच काढून टाकली. सोमवारी परत घालू म्हटलं. सोमवारी क्लासची परीक्षा निघाली, मंगळवारी लाइट नव्हती, मग राहूनच गेलं.

एवढंच असतं तर तुला पत्र लिहावं लागलं नसतं.

तपासायला एक नोंद भरायची होती. खोटं नाव घाला, असं सूचनेत स्पष्ट लिहिलेलं होतं. पण आई नवी वही नेहमी तुझ्या नावानं उघडायची, तुझा पायगुण चांगला म्हणून. माझ्या बोटांनीही तेच टाइप केलं. पुढचे रकाने रिकामे ठेवता आले असते. मी सगळे भरले. गाव नेसरी. मुक्काम बायडाबाईंकडे. त्यांचा फोन नंबरसुद्धा. बाकी एकाही बाईचं नाव अजून चढवलेलं नाही. आत फक्त तू होतीस.

सर्व्हर आल्यागेल्याची नोंद आपली आपण ठेवतो. ती मी आज सकाळी पहिल्यांदा उघडून बघितली. काल दुपारी कुणीतरी इंटरनेटवर केंद्राचं नाव टाकून थेट आत आलं होतं. शोधायच्या जागी आधी सासरचं 'स्नेहल सम्राट' लिहिलंय, मग माहेरचं 'स्नेहल गणपतराव'. मग तुझं पान उघडलंय, चार वेळा. शेवटी छापायचं बटण दाबलंय. कुठल्या इंटरनेटवरून आलं तेही तिथं कळतं. सम्राट कामाला आहे त्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्याचं नाव होतं. घाईत पान पुसायची आज्ञा तीनदा चुकली. आता सगळं पुसलंय, सर्व्हरही बंद केलाय. त्याच्या खिशातला कागद मात्र मला पुसता येत नाही.

लगेच बायडाबाईंना फोन लावला. तू रानात गेलेलीस, आणि तुझ्याजवळ स्वतःचा फोन नाही. त्या खुशीत होत्या.

"अगं, सकाळीच पावण्यांचा फोन आलता. स्नेहल हाय का म्हणून इचारत हुतं. म्या म्हटलं, हाय की, या जेवायला. सांजच्याला येतो म्हणालं."

त्यांना मी खरं सांगितलं नाही. तू तिथं का आलीस, ते आपणच त्यांना नीट सांगितलं नव्हतं. आणि आता सांगितलं, तर पुन्हा फोन आला की तू कुठे गेलीस तेही त्या मोकळ्या मनानं सांगून टाकतील. म्हणून हे पत्र.

मी स्वतःच आले असते. पण सम्राटचा भाऊ पृथ्वीराज सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून उभा आहे, मी तुला हलवायला निघते का ते बघत. पेंडीच्या टेम्पोकडे त्याचं लक्ष नाही. मॅडम पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला गेल्यात. सम्राटची पाळी चारला सुटते, पण तो आज कामावर गेलाय की नाही हे कळायला मार्ग नाही. मला फार भीती वाटतेय, स्नेहल. खाली पोतं आपटलं तरी दचकतेय.

तो आला तर गडहिंग्लजच्या रस्त्यानं येईल. म्हणून मामा तुला आजऱ्याच्या स्टँडवर सोडतील. तिथून पुढे कुठे जायचं, ते तू ठरव. मामांना सांगू नकोस. पोचलीस की मॅडमना फक्त 'सुखरूप आहे' एवढंच कळव. मला कळवू नकोस. आई रडेल, माझ्याशी बोलायची बंद होईल, तरी नको. मला कळलं की मी ते कुठेतरी लिहून ठेवीन. आणि उद्या पृथ्वीराज दारात येऊन उभा राहिला, तर मला खरोखरच काही ठाऊक नसायला हवं.

मामांनी हाक मारली. पोती झाली. वाचलंस की हे चुलीत घाल आणि ऊठ.

आजपासून तुझा पत्ता ठाऊक नसलेली,
तुझी ताई,
मोना