गुरुवारी दोन ते सहा

जुना जालना,
सोमवार, दुपार
(सोमवारी दुपारी मी घरी कसा, ते पुढे येईलच.)

तीर्थरूप मामा आणि मामी यांच्या पायांवर कल्याणचं डोकं.

इकडे मी आणि तुमची सून दैवशाला बरे आहोत. (एवढंच लिहा, असं तिनेच सांगितलंय. बाकी परवापासून ती माझ्याशी बोलत नाही.) मामा, तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? म्हैस आटली असं ऐकलं, वाईट वाटलं. मामींच्या डोळ्यांत थेंब घालणं चालू आहे ना? हे पत्र मामीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, कारण तुमचा चष्मा तुम्हाला फक्त पत्ते खेळताना सापडतो. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून पारावर मधोमध ठेवता. मागे मी तुम्हाला पोट बिघडल्याचं सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत आपल्या धावड्यातल्या चार जणांनी मला फोन करून ओवा खायला सांगितला. तेव्हा हे पाकीट भागवतच्या हाती पाठवतोय. तो खताचा टेम्पो घेऊन उद्या गावाकडे येतोय. पाकिटाला तीन बाजूंनी डिंक लावलाय, कारण भागवतलाही वाचता येतं.

आपल्या मीनाचं लग्न जमलं, केदारखेड्याचं चांगलं घर मिळालं, याचा आम्हाला फार आनंद झाला. येत्या रविवारी दोन्हीकडची चाळीस माणसं बस्त्यासाठी आमच्या दुकानात येणार, हेही मला कळलं. कळलं काय, ठरलं तेव्हा मी तिथेच होतो. तुम्ही पाव्हण्यांना पान देता देता म्हणालात, "आपला कल्याण गल्ल्यावर राह्यतो. त्याच्या शब्दाबाहेर दुकान न्हाई. बिलकुल फिकीर करू नका." त्यावर मी काय केलं? मी शर्टाची कॉलर नीट केली. मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, "मंग सगळं बराबर होईल ना?" मी म्हणालो, "मी आहे ना." मामा, मी आहे हे खरं होतं. गल्ल्यावर आहे हे खरं नव्हतं.

आता लिहायला सुरुवात केलीच आहे तर लिहून टाकतो. (मामी, इथे जरा थांबून मामांना पाणी द्या.) मी गल्ल्यावर बसत नाही. कधीच बसलो नव्हतो. गल्ल्यावर काकासाहेब, म्हणजे आमचे जुने मालक, स्वतः बसायचे आणि त्या गादीवर दुसऱ्याला टेकूसुद्धा द्यायचे नाहीत. मी दुकानात साड्या नेसतो. म्हणजे गिऱ्हाइकाला नेसून दाखवतो. कमरेला पट्टा बांधायचा, त्यात निऱ्या खोचायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि बायांसमोर सावकाश एक गिरकी घ्यायची. पॅन्ट आत असते. मिशीही असते. पाचवी ते दहावी तुम्ही मला घरी ठेवून शिकवलंत, पुढे मी बी.एड. झालो, आणि रोज अर्धा दिवस मी पैठणीत असायचो. हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तुम्ही गावात गल्ला म्हणालात, मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा म्हणालात तेव्हा गप्प बसणं सवयीचं झालं होतं.

पण मामा, लाज बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, रागावू नका. मी चांगलं नेसतो. चार मिनिटांत नऊ निऱ्या, एकीखाली दुसरी दिसायची नाही. बाया उठायला लागल्या की काकासाहेब ओरडायचे, "कल्याण, जल्दी नेस, बाई चालल्या!" आणि मी नेसलो की बाई परत बसायच्या. मला एक विद्याही आली होती. बायांचा विचार होईपर्यंत हलायचं नाही. हललं की काठ मोडतो, काठ मोडला की मन मोडतं. वीस वीस मिनिटं मी न हलता उभा राह्यलोय, एकदा तर नाकावर माशी बसलेली असताना. ही विद्या मला पुढे नडली.

झालं असं, की गणपतीच्या आधी काकासाहेबांनी दुकान एका कंपनीला दिलं आणि ते मुलाकडे राहायला गेले. गादी गेली, काच आली. गिऱ्हाइकाचा चहा गेला, दारात थंड हवेचा झोत आला. पार्थसर नावाचे मॅनेजर आले, वय सव्वीस, फार नम्र. ते आम्हाला सगळ्यांना 'टीम' म्हणतात, आणि सोनूबाईंनाही म्हणतात, ज्या झाडू मारतात आणि आपल्याला कोणी बाई म्हणालं तरच वळून बघतात. त्यांच्याबरोबर पाच पुतळ्या आल्या. दुकानात त्यांना डमी म्हणतात. उंच, गोऱ्या, हात असे वळवलेले की आता काहीतरी मागतील. त्यांना साड्या नेसवायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे ज्या माझ्या जागेवर आल्या, त्यांना मीच सजवून उभं केलं. तरी मी मन लावून नेसवलं, निऱ्या नऊच घातल्या.

मग दिवाळीच्या आधी तो दिवस उजाडला. कंपनीचे मोठे साहेब दुकान बघायला येणार होते. डमी आहेत तेव्हा स्वतः नेसू नका, असं पार्थसरांनी सकाळी बजावलं होतं. दुपारी एक बाई आल्या. हिरवी साडी त्यांनी हातात धरली, डमीवर पाहिली, आणि म्हणाल्या, "हिच्यावर काही समजून न्हाई राह्यलं." मामा, मला राहवलं नाही. काउंटरवर मान खाली घालूनच मी पट्टा बांधला, नेसलो, आणि वर बघतो तर त्या बाई ओळखीच्या निघाल्या. कोणत्या, ते विचारू नका. जालन्यात माणसाला ओळखीच्या बाया असतात. पळायची सोय नव्हती, पाय निऱ्यांत होते. मी पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला, पाच डमींच्या रांगेत जाऊन उभा राह्यलो आणि विद्या वापरली. हललो नाही.

तेवढ्यात साहेब आले. रांगेतून एकेका डमीजवळ थांबत, कापड चिमटीत धरत आले. सहाव्या डमीपाशी त्यांनी किमतीची चिठ्ठी बघायला माझ्या कमरेला हात घातला. मला गुदगुल्या होतात हे मामींना लहानपणापासून माहीत आहे. तरी मी दात आवळून धरले होते. पण मोठा माणूस समोर आला की आधी नमस्कार करायचा, हे तुमचं वळण. मी पदराआडून म्हणालो, "नमस्कार साहेब."

साहेब मागच्या मागे उडाले. ते पाचव्या डमीवर, पाचवी चौथीवर, अशा पाचही आडव्या झाल्या आणि एकीचा हात सुटून बिलाच्या टेबलापर्यंत गेला. मी साहेबांना उठवायला वाकलो, तर पदर घसरला आणि त्यांना मिशी दिसली. त्याने ते जास्त घाबरले. त्या बाईंनी सगळं पाहिलं. मला पाहिलं.

मला कामावरून काढलं नाही. पार्थसर म्हणाले, कंपनी कोणालाच काढत नाही. खरं आहे. फक्त बोलवत नाही. दर शनिवारी मोबाइलवर पुढच्या आठवड्याचे चौकोन येतात, ज्या दिवशी काम असेल तो हिरवा. पूर्वी माझे सहा हिरवे असायचे. नंतर चार झाले, मग दोन. परवा एकच आला: गुरुवारी दोन ते सहा. त्या वेळेला दुकानात गिऱ्हाईक सोडा, वाट चुकलेलं माणूससुद्धा येत नाही. बाकीचे दिवस मी डबा घेऊन घरातून निघायचो आणि मोतीबागेत बसून खायचो. परवा दैवशालाला बाजारात पार्थसर भेटले आणि 'कल्याण आजकाल काय करतो?' असं त्यांनी नम्रपणे विचारलं. तेव्हापासून ती बोलत नाही, आणि मी डबा घरीच खातो.

असो. एवढंच कळवायचं होतं. मागणं काही नाही. तुम्ही रविवारी खुशाल या, मी नसलो तरी कपडे तेच आहेत. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
कल्याण

ता.क. मागणं एक आहे. रविवारी येऊ नका. गुरुवारी दोन ते सहामध्ये या. केदारखेड्याच्या पाव्हण्यांना मुहूर्त निघाला म्हणा, गुडघा म्हणा, काहीही म्हणा. पार्थसरांनी सांगितलंय, ज्याच्या नावावर बस्ता होईल त्याला लग्नसराईभर हिरवे चौकोन. चाळीस माणसांचा बस्ता आमच्याकडे या साली झालेला नाही.

ता.क. दुसरी. मग मला सगळ्यांच्या समोर नेसावं लागेल. मीनाचा शालूसुद्धा. मामा, पाव्हणे हसले तर हसू द्या. तुम्ही हसू नका. आणि गावात चर्चा उठायचीच असेल तर ती तुमच्या तोंडून उठू द्या. मी गल्ला म्हणू दिलं, त्याची माफी मागतो.

ता.क. तिसरी. मामी, हे मोठ्याने वाचू नका. आता म्हशीचं काहीतरी बोला आणि मनात वाचा.

डोळे दाखवायला तुम्ही जालन्याला आला होतात आणि परस्पर परत गेलात, असं मामांना वाटतं. मी साहेबांना उठवत होतो, तेव्हा तुम्ही तोंड फिरवून कपाटाकडे बघत बसलात. मग सोनूबाईंना म्हणालात, "त्या भाऊंनी नेसली व्हती तीच बांधून द्या." मला भाऊ म्हणालात. दिवाळीला तीच हिरवी नेसून तुम्ही मला ओवाळलंत आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. दुकानात त्या दिवशी तुम्ही गेल्यावर बिलाच्या टेबलावर फडक्यात बांधलेले धपाटे सापडले. कोणाचे ते कोणालाच कळेना. मी मागच्या खोलीत जाऊन खाल्ले. तीळ जास्त होते, तुम्ही घालता तसे.

गुरुवारी मी पदर डोक्यावरून घेणार नाही. तुम्ही पुढेच बसा. धपाटे आणले तर टेबलावर ठेवू नका, माझ्या हातात द्या.