मोकळ्या चौकातले राजे

३ मार्च
बसथांब्याचा कोपरा सुटला एकदाचा. इतकी वर्षं त्या चिंचोळ्या फुटपाथवर काढली. पाठीशी दवाखान्याची भिंत, शेजारी चपला शिवणारा, समोर पिशव्या घेतलेली माणसं. प्रेक्षक म्हणे! बस आली की आमच्या खेळातलं नवरा-बायकोचं भांडण अर्ध्यावर टाकून पळणारे. एकदा मी रडायच्या प्रसंगात होतो तर एका बाईनं माझ्या हातात भाजीची पिशवी दिली— "धरा जरा, सुट्टे काढते." लोक हसून लोळले. ताई तर ढोल खाली ठेवून हसली.

आणि मी रंगमंचावर राजे केलेत.

५ मार्च
नवा चौक पाहिला. रुंद पायऱ्या, कारंजं, चहूकडे काचेच्या इमारती. फरशीवर पांढरा गोल— कलावंतांनी इथं उभं राहावं. परवानगीचा अर्ज मीच केला होता. ताईला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, मग विचारायचं कशाला?

ती गोलात उभी राहिली, चारी बाजूंना मान फिरवली आणि म्हणाली, "राजे, ताटात दोन वाटाणे उरल्यासारखे दिसतो आपण."

सख्खी बहीण असली म्हणून दृष्टी सारखी असतेच असं नाही.

६ मार्च
कोणी थांबलं नाही. पहिलाच दिवस आहे.

९ मार्च
आज थोडे बसले पायऱ्यांवर. डबा खायला. एक इथं, एक तिथं, मध्ये कोणाला कोणाचा वारा लागू नये एवढं अंतर. गळ्यात ओळखपत्रं. मी जिन्यावरून पडलो— माझं हुकमी पडणं! एकाचे ओठ हलले. मग त्यानं लांबच्या दुसऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता, म्हणून यानंही ओठ आवरले. हसायलासुद्धा साहेबाची सही लागते या जमातीला.

कारंजं माझे शब्द गिळतं. आवाज चढवला तर रखवालदार आला. "काका, जरा हळू. वर मीटिंग चालू आहे."

काका!

१२ मार्च
ताईशी वाजलं.

"तिकडे माणूस वळला की आपल्या अंगावरच यायचा," ती म्हणाली. "एक थांबला की मागच्याला पुढे जायला जागा नाही, तोही थांबायचा. मग एकमेकांच्या खांद्यावर हसायचे. इथं आपण लांबूनच दिसतो. वाट वाकडी करायला माणसाला हवा तेवढा वेळ मिळतो."

"म्हणजे कला म्हणजे वाहतुकीचा खोळंबा?"

"असेल," म्हणाली, आणि ढोलाची दोरी आवळत बसली.

नुसतं 'असेल'. वाद घालायचीही ऐपत नाही.

१४ मार्च
विनोद या लोकांसाठी नाहीच, म्हणून आज राजाचा मृत्यू केला. पूर्ण ताकदीनं. शेवटचा श्वास चालला होता, तेवढ्यात सुटातला एक गृहस्थ वाकून म्हणाला, "लिफ्ट कुठल्या बाजूला आहे?" मी मरता मरता हात दाखवला.

कोणी हसलं नाही. हसायला कोणी नव्हतंच. ताई होती, पण तीही हसली नाही.

१६ मार्च
सकाळी तिच्या खोलीला कुलूप. बायको म्हणाली, "वन्सं गेल्या ढोल घेऊन कोपऱ्यावर. तुम्हाला सांगा म्हणाल्या नाहीत, सांगू नका असंही म्हणाल्या नाहीत."

जाऊ दे. पिशवीवाल्यांना पिशवीवालेच लखलाभ.

१९ मार्च
एकट्यानं नवरा-बायकोचं भांडण. मीच बोलायचं, मीच उलट उत्तर द्यायचं. रखवालदारानं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "काका, त्या बाई आजारी आहेत का?"

त्याला म्हटलं, तू तुझं दार सांभाळ.

२२ मार्च
कोपऱ्यावर गेलो. तिचं किती वाईट चाललंय ते बघायला. दुसरं काही नाही.

गर्दी होती. तिथं चार माणसं म्हणजेही गर्दीच. मागून कोणाचा तरी डबा पाठीत रुतत होता, पुढच्याच्या शर्टाला घामाचा वास. टाचा उंचावून बघितलं. ताईनं खांद्यावर चादर टाकली होती. फुटपाथवर खडूनं गोल काढला होता आणि त्यात उभी राहून छाती पुढे काढून ओरडत होती, "लांब व्हा, इथं कला चालली आहे!" लोक मुद्दाम तिच्या गोलातून ये-जा करत होते. प्रत्येकाला ती वाकून विचारायची, "आपण रसिक का?" बस आली. एकजण बघत राहिला, चढलाच नाही.

माझा आवाज. माझं मान उडवणं. सगळं माझं!

पुढच्याची पाठ गदगदत होती. जागा इतकी कमी की ती गदगद माझ्या छातीला लागत होती, आणि मी हसलो. मला हसायचं नव्हतं. सगळ्यांबरोबर मोठ्यानं हसलो. दवाखान्याच्या भिंतीवरून ते हसू परत आमच्याच अंगावर आलं.

शेजारचा डोळे पुसत म्हणाला, "असली माणसं खरंच असतात का हो?"

"छे," मी म्हटलं. "कुठली असायला."

ताईला न भेटता परत आलो.

२३ मार्च
ताईच्या खोलीवर गेलो. सांगितलं, खडूच्या गोलातला तो माणूस तुला नीट जमत नाही. मान उडवतेस ती उशिरा. आवाजात तोरा आहे, पण भीती नाही, आणि भीती नसली तर तो नुसता मूर्ख वाटतो. उद्यापासून तो मी करतो.