एका फ्रेममधले दोन खांब

३, सोमवार
जमलं नाही! दिवसभर स्टुडिओत पासपोर्ट फोटो — "कान दिसू द्या, हसू नका" — आणि घरी येऊन हा मल्टिपल एक्स्पोजरचा हट्ट. एकाच फ्रेममध्ये दोन क्लिक. आईचा चेहरा आणि त्यावर खिडकीतलं झाड, असा बेत होता. पण आईला बसवलं पांढऱ्या भिंतीपुढे. झाड पार धुऊन निघालं. आई म्हणाली, "भुतासारखी दिसतेय मी. आधी ते पुस!"

५, बुधवार
गोम कळली. पहिल्या चित्रात जिथे अंधार, तिथेच दुसरं नीट उमटतं. शिवाय दर क्लिकला उजेड कमी करायचा, नाहीतर सगळं पांढरंफटक.

६, गुरुवार
चांगल्या दिवसाची माती झाली.
गल्लीतला दिव्याचा खांब काढला. कॅमेरा बोटभर सरकवून पुन्हा तोच खांब. एका फ्रेममध्ये दोन — झकास! बाबा ड्यूटीवरून आल्या आल्या मी नाचत त्यांना दाखवायला गेले. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. "यात काय नवल? दमलो की मला सगळे खांब असेच दिसतात."
मी हसले. ते हसले नाहीत.
"कधीपासून?"
"झाले चार-पाच महिने. एक डोळा मिटला की एकच दिसतं. आईला बोलू नकोस."
बाबा शाळेची बस चालवतात. अठ्ठेचाळीस मुलं.

७, शुक्रवार
कामात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाचा कान कापला — फोटोतला. आईशी बोलताना नजर चुकवते आहे.

८, शनिवार
बाबांशी भांडण. आई बाजारात गेली तेवढ्यात. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कागदावर आलं की संपलं सगळं." मग म्हणाले, "सत्तावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही."
"आणि मुलं?" ताडकन उठून गेले.
त्यांच्या साहेबांना कळवायला हवं. पण जीभ रेटत नाही. भित्री आहे मी! इथे लिहायला काय जातंय.

१०, सोमवार
बाबा सकाळी गेल्यापासून जीव टांगणीला. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते.
संध्याकाळी त्यांनीच कॅमेरा मागितला. "ते दोन खांबांचं कसं करतेस?" म्हटलं, आता लाडीगोडी. रागारागातच शिकवलं — एक क्लिक, मग पहिलं चित्र पडद्यावर पुसट दिसत राहतं, त्याच्या बाजूला दुसरं घ्यायचं. चारदा चुकले. चारदा पुसलं. "अजून उजवीकडे हवं," म्हणत राहिले. एवढं काय नेमकं हवं होतं, कोण जाणे!

११, मंगळवार
ठरलं. उद्या साहेबांना फोन. बाबा जन्मभर बोलणार नाहीत माझ्याशी. न बोलोत.
कॅमेरा कपाटात नाही. आईला माहीत नाही.

१२, बुधवार
नंबर लावणार इतक्यात बाबा स्टुडिओच्या दारात. सकाळी अकराला, ऐन ड्यूटीच्या वेळी. कॅमेरा माझ्या हातात दिला.
एकच नवा फोटो. बसच्या काचेतून काढलेला. शाळेचं फाटक, दोनदा. फाटकापुढे दप्तर घेतलेली मुलगी, तीही दोनदा. खरी कुठे उभी आहे, मला सांगता येईना.
"साहेबांना हाच दाखवला," म्हणाले. "तोंडाने सांगवेना."
बसची किल्ली तिथेच देऊन आले आहेत.