उभी गाडी गळते

मी, पंजाबराव सीताराम निंभोरकर, वय चौऱ्याहत्तर, धंदा संत्राबाग, राहणार मोर्शी, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे; चौथीत पाठ केलेल्या कविता आजही न अडखळता म्हणतो, शंका असेल त्याने येऊन ऐकाव्यात. कोणाचा धाक नाही. छातीचे दुखणे मात्र आहे, म्हणून उद्यावर टाकत नाही. यापूर्वीचे काही लिखाण निघाल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी सुभद्रा हिचे. तिच्यामागे मुलगा कुंदन आणि मुलगी रागिणी यांचे निम्मे-निम्मे. रागिणी अकोल्यात सुखाने नांदते, तिला कशाला, असे कोणी म्हणू नये. सुखी माणसाचा हक्क जात नाही.

२. बाग कुंदनची. विहीर आटली, निम्मी झाडे उभ्याने वाळली, तेव्हा उरलेली त्याने टँकरच्या पाण्यावर जगवली. त्यावर प्लॉट पाडू नयेत, एवढी विनंती.

३. शाळेची जुनी वाचनपुस्तके रागिणीला. गुरुजी टेबलावर छडी आपटून कवितेचा ताल धरत. छडीचा मार विसरलो, ताल राहिला आहे.

४. निळी मोटार. अमेरिकन बनावटीची, १९५८ सालची, ऑटोमॅटिक गिअरची. पेट्रोल भडकले त्या वर्षी अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठने ती पडत्या भावात विकायला काढली आणि मी घेतली. गाव म्हणाले, पंजाबराव कवितेच्या नादात हत्ती घेऊन आला. तसे नव्हते. सुभद्रेचा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. या मोटारीला क्लच नाही, म्हणून डाव्या पायाला कामच नाही. ती बघता बघता शिकली. मी शेजारी बसून कविता म्हणत असे, आणि ओळीच्या मध्यावर श्वास घ्यावा तितक्या अलगद मोटार आपला गिअर आपणच बदलत असे. तेव्हापासून दर गुरुवारी ती संत्री आणि गावातल्या भाजीवाल्या बाया घेऊन अमरावतीच्या बाजाराला जाते.

गिअरबॉक्समधून तांबडे तेल गळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. का गळते, ते लिहून ठेवतो. अकोल्याच्या जुन्या शहरातले माझे दोस्त वाहेद मिस्त्री यांनी गिअरबॉक्स खाली उतरवून सील बदलले, तेलाच्या पॅनला कॉर्कचे नवे पॅकिंग हाताने कापून बसवले. तरी गळती चालूच. मग आम्ही मोटारीखाली पुठ्ठा टाकून पाहू लागलो. बाजाराहून आल्यावर पुठ्ठा कोरडा. पंधरवडाभर मोटार उभी राहिली की लाल थारोळे. मोटार उभी असली की इंजिनामागच्या गोल डब्यातले तेल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरते, पॅन तुडुंब होतो, आणि गिअरची दांडी आत शिरते तिथल्या सुकलेल्या सीलमधून बाहेर येते. मोटार चालली की तेल पुन्हा वर ओढले जाते, सीलही ओले राहते. वाहेदभाई म्हणाले, “पंजाबभाऊ, खडी है इसलिए रो रही है. भाभी को चलाने दो, चुप हो जाएगी.”

तरी दांडीचे सील नवे बसवावेच. गळती दिसली म्हणून थंड मोटारीत तेल ओतू नये. इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर तेल मोजायची पट्टी पाहावी, मग ठरवावे. जीपचा क्लचवाला गिअरबॉक्स बसवा, असा सल्ला देणारे पुष्कळ आले. तो बसवला तर गळणार नाही, हे खरे. सुभद्रेला चालवता येणार नाही, हेही खरे.

५. धाकटा भाऊ खुशालराव यास मोटारीचा जुना, वाकलेला पॅन. निवडणुकीत प्रचाराला मोटार नेली आणि गळती पाहून पठ्ठ्याने पान्याला हातभर पाइप लावून बोल्ट आवळले. पॅकिंग फाटले, पत्रा वाकला. जोर लावला की सगळे थांबते, ही त्याची समजूत. घरातल्या बायकांशीही तो तसाच बोलतो. पॅन बैठकीत टांगावा.

६. माझे सगळे पाने, जॅक आणि कॉर्कचे उरलेले तुकडे वाहेदभाईंना. त्यांनी नको म्हटले तरी द्यावेत.

७. हे कलम दोनदा लिहिले. कारण सांगतो.

आमच्याकडे नवरा गेला की बाईला कोपऱ्यात बसवतात. तेरवीपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, पुढे वर्षभर बाजारहाट नाही. नापिकीची आणि कर्जाची ही वर्षेच अशी की रोज कोणाच्या ना कोणाच्या दारापुढे माणसे जमलेली दिसतात. भाजीवाली माणिकबाई हिचा नवरा गेल्या साली गेला. तिची मेथी वावरात फुलावर आली, पण दीर तिला बाहेर पडू देईना. सुभद्रेने तिच्या दारात मोटार लावली आणि ती येईपर्यंत हॉर्न सोडला नाही. उद्या सुभद्रेच्या दारात कोण हॉर्न वाजवील? म्हणून मी लिहिले होते: “माझ्यामागे येणाऱ्या पहिल्याच गुरुवारी, तेरवीची वाट न पाहता, सुभद्रेने मोटार बाजाराला न्यावी; न नेल्यास मोटार रागिणीची.”

आज सकाळी हे सर्वांसमोर वाचले. कुंदन उठून उभा राहिला.

“बाबा, लोकं का म्हनतीन? घरात सुतक, आन् आई गाडी घिऊन बजारात?”

“लोकायले मेथी दे एक जुडी,” मी म्हणालो. “तोंड बंद राहीन.”

मग सुभद्रा बोलली. “मले कोनी इचारलं का? जिवंतपनी तुमच्या कविता आयकल्या. मेल्यावर तुमचा हुकूमबी आयकू का? खुशालभाऊजी मले बस म्हनतीन, तुमी मले ऊठ म्हना. मंग फरक काय राहिला?”

गुरुवारच्या अटीचे ते वाक्य मी सर्वांदेखत खोडले. खाडाखोड माझीच आहे, शेजारी सही केली आहे. त्या जागी हे धरावे:

मोटार सुभद्रेची, कोणत्याही अटीवाचून. तिने चालवावी, उभी ठेवावी, विकावी. वाटल्यास जीपचा गिअरबॉक्सही बसवावा. (हात जड झाला, पण लिहिले.) अट आहे ती बाकीच्यांवर. ज्या दिवशी तिला जावेसे वाटेल, मग तो तिसरा दिवस असो की दहावा, त्या दिवशी जो आडवा येईल त्याचा या मृत्युपत्रातला हिस्सा रागिणीला जाईल. रागिणी आडवी आली तर तिचा कुंदनला.

हे वाचल्यावर सुभद्रा म्हणाली, “आता बराबर लिवलं.”

८. हे पत्र कपाटात ठेवू नये. तेरवीनंतर उघडले तर उपयोग नाही. एक प्रत वाहेदभाईंकडे राहील आणि अंमलबजावणी तेच करतील. मोटारीची किल्ली मी हयातीतच सुभद्रेला दिली. दुसरी किल्ली माझ्या आजारपणापासून कुंदनच्या खिशात होती. त्याने ती बराच वेळ चाचपली, मग आईपुढे ठेवली आणि म्हणाला, “आई, तू चालव. आज मी मागं बसतो.”

आज गुरुवार आहे. संत्री भरून झाली आहेत. साक्षीदारांनी वाचत बसू नये, सह्या कराव्यात. त्यांतल्या नत्थुजींना त्याच मोटारीने अमरावतीला जायचे आहे आणि सुभद्रा कोणासाठी थांबत नाही.

सही: पंजाबराव सीताराम निंभोरकर

त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. नत्थुजी राऊत, निवृत्त पोस्टमास्तर, मोर्शी
२. डॉ. ओमप्रकाश चांडक, मोर्शी. प्रकृती तपासली, लिहिणारे पूर्ण शुद्धीत आहेत.

ठिकाण: मोर्शी
दिनांक: १७ नोव्हेंबर २००५