पत्त्याखेरीज सगळं

२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

दिवाळीला फोन करू शकले नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे माझ्या कॉलेजातल्या स्वातीकडून कळलं. आईला जिना चढू देऊ नका. ती ऐकणार नाही, पण सांगत राहा. आम्ही ठीक आहोत. सान्वीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे 'स' म्हणताना फुंकर मारते आणि स्वतःच हसते.

माझा नंबर लागत नाही म्हणून तू चिडला असशील. बदललाय. हे पत्र लंडनला, स्टॅनमोरमध्ये स्वातीकडे पाठवतेय, ती तिथून तुला टाकेल. तिलाही मी कुठे आहे ते ठाऊक नाही. का, ते सांगते.

मार्चमध्ये मी जर्सी बेट सोडून सान्वीला घेऊन इंग्लंडात ब्रिस्टलला आले, एवढं तुला माहीत आहे. लग्नानंतर तिथेच संसार, मिहीरची बँकेतली नोकरी, समोर समुद्र. तुला ते बेट फार आवडलं होतं. पण बेटावरून पळायचं कुठे? विमानतळ एक, बंदर एक, आणि दोन्हीकडे त्याच्या ओळखीचे लोक. आम्हाला बोटीत बसवून दिलं ते तिथल्या पोलिसांनीच. त्यांनी ब्रिस्टलच्या पोलिसांना आधीच कळवलं होतं, म्हणून तिथे अबिगेल भेटली. पोलिसांत आहे, लंडनमध्ये ईलिंगला वाढलेली. आजी मुंबईची, बेने इस्रायली ज्यू, त्यामुळे घरात मराठी ऐकलेली.

"माझा आजी तुझ्यासारखा बोलायची," ती म्हणाली. "तू घाबरू नको. जर्सीचे पोलीस आणि आम्ही, वी आर इन टच."

तिनेच समजावलं. बेटाचा कायदा वेगळा, इथला वेगळा. मधल्या पाण्यात माणसं निसटतात, म्हणून दोन्हीकडचे पोलीस एकमेकांना कळवत राहतात. इथल्या कोर्टानेही मिहीरला माझ्या आसपास फिरकायचं नाही असा हुकूम दिला. मला वाटलं, सुटलो. त्याला आमचा पत्ता तरी कुठे माहीत होता?

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी घरून काम करत होते. अबिगेलचा फोन आला.

"जर्सीहून आत्ता कॉल आला. मिहीर सकाळच्या बोटीने पोर्ट्समथ बंदरात आलाय, गाडी घेऊन. तू दार लॉक कर. आमची गाडी निघालीये. सान्वीला शाळेतून मी घेते, ओके?"

"पण त्याला घर कुठे माहितीये?"

ती म्हणाली, "माहीत आहे असंच समजू आपण."

फोन ठेवला आणि बेल वाजली.

मी जिन्यावर बसून राहिले. त्याने दाराची टपालाची फट उघडली. मला फक्त त्याची बोटं दिसत होती. आवाज मऊ, तुमच्याशी बोलताना असायचा तसा.

"कस्तुरी, उघड ना गं. दमलोय मी. दादांशी बोललो. त्यांनीच पत्ता दिला. म्हणाले, जा, समोरासमोर बोला."

दादा, पुढचं मी अबिगेललाही सांगितलेलं नाही. मी उठले. हात कडीपर्यंत गेला. दादाने पाठवलंय म्हणजे काहीतरी बदललं असेल, असं वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात तो म्हणाला, "उघड म्हणतोय ना."

हे तीन शब्द मला पाठ आहेत. मी हात मागे घेतला. पोलीस आले तेव्हा तो पायरीवर बसून त्यांना शांतपणे सांगत होता की हा घरगुती मामला आहे, बायकोची तब्येत बरी नसते. ते त्याला घेऊन गेले. सान्वी पोलीस स्टेशनात अबिगेलशेजारी बसून वेफर्स खात होती.

कोर्टाने शिक्षा दिली आहे, पण थोडी. तो सुटेल.

आम्ही आता ब्रिस्टलला नाही. नव्या घराच्या दाराची फट मी चिकटपट्टीने बंद केली आहे, तरी तिथून वारा आला की मला त्यात शब्द ऐकू येतात. कधी सिंकमध्ये पाणी सोडते आणि लगेच बंद करते, दाराशी कोणी बोलतंय का ऐकायला. बेल वाजली की सान्वी टेबलाखाली जाऊन बसते. तोंडातून आवाज काढत नाही. हे तिला मी शिकवलेलं नाही.

त्याने तुला फोन केला, रडला. तो फार छान रडतो. तुला वाटलं, बहिणीचा संसार सावरतोय. मी तुला नेहमी सांगत आले, बाथरूममध्ये घसरले, कपाटाचं दार लागलं. मग तुला वेगळं काय वाटणार? तर आता ऐक. माझा डावा कान गेला आहे. फोनवर तू ओरडायचास ना, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष तुझ्याकडेच असायचं. फोन चुकीच्या कानाला लावलेला असायचा.

सुटल्यावर तो पहिला फोन तुलाच करेल. पुन्हा रडेल.

तू म्हणशील, पत्ता दे, कुणाला सांगणार नाही. आईची शपथ घेशील. ती खरीच असेल. एप्रिलमध्ये घेतलीस तीही खरीच होती.

आईला सांग, आम्ही सुखरूप आहोत. कुठे म्हणून विचारलं तर माहीत नाही म्हण. या वेळी तरी तुला खोटं बोलावं लागणार नाही.

तुझीच,
कस्तुरी